दोन चिलखते

जपानमध्ये पॅसिफिक महासागराच्या काठी शिझुओका नावाचे शहर आहे. त्याच्याजवळच कुनो नावाचा एक डोंगर असून समुद्राच्या बाजूने चढून जाणाऱ्यास १,१५९ पायऱ्या चढाव्या लागतात. माथ्यावर एक देवस्थान आहे आणि देवस्थानाच्या मागे एका पुरुषाची समाधी आहे. त्या पुरुषाच्या वापरातील वस्तू तेथील संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत दोन चिलखते आहेत. एक नखशिखान्त सोनेरी आहे. ते एका विशीच्या आतल्या तरुणाचे. दुसरे काळे आहे; ते एका पोक्त, सावध, साठीकडे झुकलेल्या राज्यकर्त्याचे. दोन्ही एकाच माणसाची आहेत. त्या माणसाचे नाव तोकुगावा इएयासू.

जपानच्या इतिहासाची थोडीफार ओळख असलेल्या वाचकाला हे नाव ठाऊक असतेच. शंभराहून अधिक वर्षे आपापसांत लढणाऱ्या सरदारांच्या देशाला त्याने एका सत्तेखाली आणले आणि त्याच्या घराण्याने पुढे अडीचशेहून अधिक वर्षे राज्य केले. परंतु त्याच्या लढायांची जंत्री देणे हा या लेखाचा हेतू नाही. सोनेरी चिलखतापासून काळ्या चिलखतापर्यंतचा त्याचा प्रवास कसा झाला, आणि त्या प्रवासात त्याने काय मिळवले व काय गमावले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

इएयासूचा जन्म १५४३ च्या जानेवारीत मिकावा प्रांतातील ओकाझाकीच्या किल्ल्यात झाला. बाप मात्सुदाइरा घराण्याचा एक लहानसा सरदार होता. पूर्वेला इमागावा आणि पश्चिमेला ओदा ही दोन बलाढ्य घराणी. दोन जात्यांच्या पाळ्यांमध्ये सापडलेल्या दाण्यासारखी या घराण्याची अवस्था होती. मूल दोन वर्षांचे होते न होते तोच त्याच्या मामाने ओदांचा पक्ष धरला. इमागावांची मर्जी राखण्यासाठी बापाने बायकोला माहेरी धाडले आणि मुलाची आई तुटली. पाच-सहा वर्षांचा असताना त्याला इमागावांकडे ओलीस म्हणून पाठवण्यात आले, तर वाटेतच फितुरी होऊन तो ओदांच्या हाती पडला. मुलगा जिवंत हवा असेल तर इमागावांची बाजू सोडावी, असा निरोप बापाकडे गेला. बाप बधला नाही. मुलाचा जीव वाचला तो केवळ पकडणाऱ्यांना तो जिवंत ठेवणे सोयीचे वाटले म्हणून. १५४९ मध्ये बाप वारला. त्याच वर्षी ओलिसांची अदलाबदल होऊन तो इमागावांच्या सुंपु या राजधानीत गेला आणि पुढची अकरा वर्षे तेथेच वाढला. आजचे शिझुओका म्हणजेच तेव्हाचे सुंपु.

तो जन्मला त्याच १५४३ साली, काही महिन्यांनंतर, दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटावर एक घटना घडली. एका चिनी गलबतातून काही पोर्तुगीज माणसे तेथे उतरली. हे पोर्तुगीज म्हणजे ज्यांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी आपले गोवे होते तेच. त्यांच्याजवळ तोड्याच्या बंदुका होत्या. बेटाच्या तरुण अधिपतीने त्यांतील दोन विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला तशाच घडवावयास सांगितले. थोड्याच वर्षांत साकाई, नेगोरो, कुनितोमो या गावांतून बंदुकांचे कारखाने धडधडू लागले. पाळण्यातल्या त्या मुलाला आणि या नव्या शस्त्राला पुढे एकमेकांबरोबरच वाढावयाचे होते.

बंदुकीने जपानी चिलखतात काय फरक पडला हे समजण्यासाठी जुने चिलखत कसे असे ते पाहिले पाहिजे. आपण चिलखत म्हटले की लोखंडी कड्यांची जाळी डोळ्यांपुढे आणतो. जपानी कारागिराचे मूळ साहित्य मात्र वेगळे होते. लोखंडाचे किंवा कच्च्या कातड्याचे बोटाएवढे खवले कापावयाचे, त्यांना भोके पाडावयाची, त्यांवर रोगण चढवावयाचे, एकावर एक अर्धवट चढवून त्यांची आडवी पट्टी ओवावयाची आणि मग अशा पट्ट्या रेशमी किंवा चामडी दोरांनी एकीखाली एक लटकवावयाच्या. एका चिलखताला असे हजारो खवले लागत. दोरांचे रंग आणि विणीचे नमुने यांवरून घराणे ओळखू येई. रणांगणात ते चिलखत फुललेल्या बागेसारखे दिसत असले पाहिजे.

रोगणाची कथा तर आणखी मनोरंजक आहे. उरुशी नावाच्या झाडाला चिरा पाडून त्याचा चीक काढतात. आपल्याकडे बिब्बा उततो तसा हा चीकही अंगावर उततो. दोन्ही झाडे एकाच कुळातली. पातळ थर द्यावयाचा, तो दमट हवेच्या कपाटात वाळू द्यावयाचा, घासावयाचा आणि पुन्हा थर द्यावयाचा. हे रोगण कोरड्या हवेत नव्हे, तर दमट हवेतच घट्ट होते. पावसाळी जपानात लोखंडाला गंजापासून वाचवणारे दुसरे कवच कोणते असणार? काजळीने वा लोखंडाच्या क्षाराने काळा रंग येई, हिंगुळाने तांबडा, आणि वर सोन्याचा वर्ख वा चूर्ण लावले की सोनेरी.

असे हे देखणे चिलखत घोड्यावर बसून बाण मारणाऱ्या वीरासाठी घडले होते. लांबलेल्या मोहिमांत त्याचे दोष उघडे पडले. दोर पावसात भिजून जड होत आणि लवकर वाळत नसत. त्यांत चिखल साचे, उवा होत. भाल्याचे टोक विणीत अडकून आत शिरे. आणि बंदुकीच्या गोळीपुढे तर खवल्यांचा टिकाव लागेना. तेव्हा कारागिरांनी खवले टाकून लोखंडाचे रुंद, सलग पत्रे घेतले. ते खिळ्यांनी एकमेकांस जोडले. दोर कमीत कमी ठेवले. बाह्यांवर कापडात शिवलेली कड्यांची जाळी आली, पोटऱ्यांवर पट्ट्या आल्या, चेहऱ्यावर उग्र मिशांचा लोखंडी मुखवटा आला. या मुखवट्याच्या हनुवटीखाली घाम निथळण्यासाठी एक छिद्र असे, आणि शिरस्त्राणाची नाडी बसावी म्हणून लहान खुंट्या असत. दिसावयास भयंकर, परंतु रचना किती विचारपूर्वक केलेली! काही कारागीर तयार छातीपत्र्यावर मुद्दाम बंदूक झाडून पाहत आणि गोळीने पडलेला खळगा तसाच ठेवीत. गिऱ्हाइकाला तोच खात्रीचा दाखला.

सोनेरी चिलखत या नव्या पद्धतीचे आहे. १५६० साली इमागावा योशिमोतो मोठे सैन्य घेऊन पश्चिमेकडे निघाला तेव्हा शत्रूच्या गराड्यातील ओदाका किल्ल्यात रसद पोहोचवण्याची कामगिरी या सतरा वर्षांच्या ओलिसावर सोपवण्यात आली. त्या वेळी त्याने हे चिलखत घातले होते अशी परंपरा आहे. रात्रीच्या मोहिमेवर सोनेरी चिलखत! सर्वांनी पाहावे, ओळखावे, ही तरुण मनाची हौस त्यात दिसते. त्याने रसद पोहोचवली. पण त्याच स्वारीत ओकेहाझामा येथे ओदा नोबुनागाने अचानक छापा घालून योशिमोतोचाच वध केला. मालक गेला आणि ओलीस आपोआप मोकळा झाला. तो ओकाझाकीला, आपल्या बापाच्या किल्ल्यात परतला आणि दोन वर्षांनी त्याने त्याच नोबुनागाशी सख्य जोडले.

परंतु घरात शांतता नव्हती. १५६३-६४ मध्ये मिकावातील बौद्ध पंथीयांनी उठाव केला आणि त्याचे स्वतःचे कित्येक सरदार त्यांना मिळाले. या धुमाळीतील एका लढाईहून परतल्यावर त्याने चिलखत उतरवले तेव्हा आतून गोळ्या खाली पडल्या अशी कथा सांगतात. कथेचा तपशील कसाही असो. लोखंडाच्या दोन सूत जाडीवर आपला जीव अवलंबून आहे, हे त्याला त्या वयात कळले असले पाहिजे. उठाव मोडल्यावर फितूर सरदारांपैकी बहुतेकांना त्याने क्षमा केली.

सर्वांत मोठा धडा त्याला १५७३ च्या जानेवारीत मिळाला. ताकेदा शिंगेन हा त्या काळचा मुरब्बी सेनापती हामामात्सुच्या किल्ल्यावरून पुढे चालला होता. किल्ल्यात बसून राहणे शहाणपणाचे होते. इएयासू तेव्हा तिशीचा होता. त्याला ते अपमानास्पद वाटले. सुमारे अकरा हजार माणसे घेऊन त्याने मिकातागाहाराच्या माळावर दुपटीहून मोठ्या सैन्याला अडवले आणि त्याची धूळधाण झाली. नात्सुमे योशिनोबू नावाच्या सरदाराने त्याला बळेच घोडा फिरवून किल्ल्याकडे पिटाळले, आणि मीच इएयासू असे ओरडत तो शत्रूच्या गर्दीत घुसून ठार झाला. दहा वर्षांपूर्वी उठावात विरुद्ध लढलेल्या आणि इएयासूने क्षमा केलेल्या सरदारांपैकी हा एक! पराभवानंतरचा आपला केविलवाणा चेहरा कायम स्मरणात राहावा म्हणून इएयासूने चित्र काढून घेतले अशीही कथा आहे. पण ती फार उत्तरकाळची असावी असे आजचे संशोधक मानतात. चित्र खरे असो वा नसो, त्या दिवसानंतर त्याने घाईने लढाई दिल्याचे दिसत नाही.

१५७५ मध्ये नागाशिनो येथे नोबुनागा व इएयासू यांनी लाकडी कठड्यांमागे बंदूकधारी उभे करून ताकेदांच्या फौजेचा मोड केला. बंदुका तीन हजार होत्या ही परंपरागत संख्या आता सर्वांना मान्य नाही. परंतु उत्तम चिलखत घातलेले घोडेस्वार साध्या पायदळाच्या गोळ्यांनी कोसळले, हे खरे. त्या पायदळाच्या अंगावर मालकाने उसने दिलेले स्वस्त चिलखत असे. छातीवर मालकाचे चिन्ह रंगवलेले, डोक्यावर लोखंडी टोपडे. त्या टोपड्यात ते भातही शिजवीत असे सांगतात.

ताकेदांचे राज्य १५८२ मध्ये संपले. इएयासूने त्यांच्या शेकडो पराभूत शिपायांना आपल्या पदरी घेतले आणि तरुण सरदार ई नाओमासा याच्या हाताखाली दिले. ताकेदांच्या एका प्रख्यात तुकडीची चिलखते तांबडी असत. नाओमासाच्या साऱ्या तुकडीला तोच रंग देण्यात आला. शत्रूचा रंग आपल्या फौजेला देण्यात जो मुत्सद्दीपणा आहे तो लक्षात घेण्याजोगा आहे. हरलेल्या माणसाचा अभिमान मोडण्याऐवजी तो आपल्या कामी लावावा, हे इएयासूला साधले होते. त्याचा दुसरा सरदार होंदा तादाकात्सु काळे, हलके चिलखत घाली. त्याच्या शिरस्त्राणावर हरणाची भली मोठी शिंगे होती. पण ती खरी नसून कागदाचे थर चिकटवून वर रोगण चढवलेली. पन्नासाहून अधिक लढायांत त्याला जखम झाली नाही असे म्हणतात. जाड चिलखतातला नाओमासा मात्र अनेकदा जखमी झाला. सेकिगाहारा येथे त्याच्या हाताला गोळी लागली आणि दोन वर्षांनी तो वारला.

येथवर मिळवलेल्याचा हिशेब झाला. गमावलेल्याचाही करावयास हवा. १५७९ मध्ये ताकेदांशी संधान बांधल्याच्या संशयावरून इएयासूने आपली पत्नी त्सुकियामा हिचा वध करवला आणि थोरला मुलगा नोबुयासू याला पोट चिरून घेण्याची आज्ञा दिली. मुलगा वीस वर्षांचा होता. हे नोबुनागाच्या सांगण्यावरून झाले अशी परंपरा आहे. घरातील तटबाजी हेही कारण असावे असे आजचे अभ्यासक म्हणतात. कारण कोणतेही असो, आज्ञा बापाची होती. ज्याच्या बापाने लहानपणी त्याला शत्रूच्या हाती सोडून दिले होते, त्यानेच पुढे आपला मुलगा राज्यासाठी दिला.

१५८२ मध्ये नोबुनागा क्योतोत आपल्याच सरदाराच्या दग्याने मेला. इएयासू तेव्हा साकाईला पाहुणा म्हणून गेला होता. बरोबर मूठभर माणसे. इगाच्या डोंगरांतून, लुटारूंचा ससेमिरा चुकवीत तो कसाबसा घरी पोहोचला. पुढे नोबुनागाचा वारसा तोयोतोमी हिदेयोशीने बळकावला. इएयासूने १५८४ मध्ये त्याच्याशी झुंज देऊन पाहिली, १५८६ मध्ये त्याचे वर्चस्व मान्य केले आणि १५९० मध्ये त्याच्या इच्छेवरून बापजाद्यांचा मुलूख सोडून पूर्वेकडील दलदलीच्या एदो या गावी जाऊन राहिला. तेच आजचे टोकियो. १५९८ मध्ये हिदेयोशी वारला. मरताना त्याने आपल्या पाच वर्षांच्या मुलाला, हिदेयोरीला, पाच बड्या सरदारांच्या हाती सोपवले आणि त्यांच्याकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या. त्या पाचांत इएयासू होता.

काळे चिलखत या काळातले. नारा नगरीतील इवाई योझाएमोन या कारागिराने ते केले. इएयासूला स्वप्नात दाइकोकु देवाचे दर्शन झाले आणि त्या रूपावरून ते घडवले, अशी कथा आहे. हा दाइकोकु म्हणजे मूळचा आपला महाकाल. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानात गेला आणि तेथे त्याचे रूप पालटून धान्याच्या पोत्यांवर उभा असलेला, हसतमुख, संपत्तीचा देव झाला. काळ्या चिलखताचे शिरस्त्राण त्याच्या मऊ टोपीच्या आकाराचे आहे आणि पुढे नेच्याच्या पानांचे चिन्ह आहे. त्यात हरणाची शिंगे नाहीत, सोन्याचा झगमगाट नाही. ज्याला दुरून ओळखू येण्याची गरज उरली नाही, अशा माणसाचे हे चिलखत आहे.

२१ ऑक्टोबर १६०० रोजी सेकिगाहारा येथे देशातील सरदार दोन पक्षांत विभागून लढले. हे काळे चिलखत त्या मोहिमेत त्याच्याबरोबर होते असे सांगतात. युरोपातून आलेल्या पोलादी छातीपत्र्याला जपानी पद्धतीच्या झालरी जोडून केलेले त्याचे एक चिलखत निक्को येथेही आहे. चांगली वस्तू परक्याची असली तरी घ्यावी, हे धोरण त्यातही दिसते. धुके विरल्यावर सकाळी सुरू झालेली लढाई, विरुद्ध पक्षातील कोबायाकावा हिदेआकी ऐनवेळी उलटल्याने दिवस मावळण्याआधीच संपली. १६०३ मध्ये इएयासू शोगुन झाला आणि दोनच वर्षांनी ते पद त्याने आपला मुलगा हिदेतादा याला देऊन टाकले.

१६१३ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे क्लोव्ह हे जहाज जपानात पोहोचले. कप्तान जॉन सॅरिस हा सुंपु येथे इएयासूला भेटला आणि मग एदोला गेला. तेथे हिदेतादाने इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्यासाठी दोन चिलखते भेट दिली. त्यांतील एक त्याच इवाई योझाएमोनच्या हातचे आहे. गमतीची गोष्ट अशी की, त्याच शतकात लंडनच्या टॉवरमध्ये ते ग्रेट मोगलाचे चिलखत म्हणून दाखवले जाऊ लागले. नाराच्या कारागिराची मेहनत दिल्लीच्या बादशहाच्या नावावर जमा झाली!

राहिला होता तो हिदेयोरी. ज्याच्या रक्षणाची शपथ घेतली तो मुलगा आता ओसाकाच्या प्रचंड किल्ल्यात तरुण झाला होता. इएयासूची नातच त्याला दिली होती. तरीही, किंवा म्हणूनच, म्हाताऱ्याला झोप नव्हती. १६१४ च्या हिवाळ्यात त्याने किल्ल्याला वेढा दिला, तह केला, तहानंतर खंदक बुजवले आणि १६१५ च्या उन्हाळ्यात पुन्हा चाल केली. या अखेरच्या लढाईत बहात्तर वर्षांच्या इएयासूने चिलखत घातलेच नाही असे सांगतात. शत्रूची पर्वा नाही असा त्याने आव आणला. जवळच्या माणसापाशी मात्र, पोट सुटल्यामुळे ते अंगात चढत नाही अशी कबुली दिली. आणि नेमक्या त्याच दिवशी सानादा युकिमुराच्या तांबड्या चिलखतांच्या तुकडीने त्याच्या छावणीपर्यंत मुसंडी मारली. थोडक्यात निभावले. किल्ला पडला, हिदेयोरी व त्याची आई यांनी आत्महत्या केली, आणि हिदेयोरीच्या आठ वर्षांच्या मुलाचा क्योतोत शिरच्छेद करण्यात आला. लहानपणी ज्याला ओलीस म्हणून जिवंत ठेवण्यात आले होते, त्याने हे मूल जिवंत ठेवले नाही.

पुढच्याच वर्षी, १ जून १६१६ रोजी, सुंपु येथे इएयासू वारला. त्याला कुनोच्या डोंगरावर पुरले आणि १६१७ मध्ये निक्को येथे देव म्हणून त्याची प्रतिष्ठापना झाली. पुढचे शोगुन काळ्या चिलखताच्या प्रतिकृती करवून घेत. लढाया थांबल्या होत्या. चिलखते समारंभात मांडण्याची वस्तू झाली. कारागीर पुन्हा जुन्या, रेशमी विणीच्या शोभिवंत पद्धतीकडे वळले, कारण आता त्यांवर पाऊस पडावयाचा नव्हता आणि गोळी यावयाची नव्हती. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता संपली, तेव्हा पेट्यांमधून निघालेली कित्येक चिलखते परदेशी हौशी संग्राहकांनी विकत नेली.

इएयासूला थोर म्हणावे की निष्ठुर? शाळेतील इतिहास एका शब्दात उत्तर मागतो. माणसाचे आयुष्य तसे उत्तर देत नाही. अडीच शतके जपानातील शेतकऱ्याने आपले शेत पेरले आणि कापलेही, ते त्याच्यामुळे. त्या शांततेची किंमत एका बायकोने, एका वीस वर्षांच्या मुलाने, एका आठ वर्षांच्या पोराने दिली, तीही त्याच्यामुळेच. क्षमा केलेला शत्रू आपल्यासाठी प्राण देतो, हे त्याने मिकातागाहाराच्या माळावर डोळ्यांनी पाहिले होते. चाळीस वर्षांनी ओसाकाला त्याची आठवण त्याला झाली नाही. जन्मभर चिलखतात वावरलेला माणूस शेवटी ते न घालता बाहेर पडला खरा, पण भीती काही त्याच्या अंगावरून उतरली नव्हती.

कुनोच्या डोंगरावरील ती दोन चिलखते आज रिकामी आहेत. सोनेरी चिलखतापुढे पाहणाऱ्यांची गर्दी अधिक होत असेल. तरुणाईची झळाळी कोणालाही मोहवते. परंतु काळ्या चिलखतापुढेही क्षणभर थांबावे असे आहे. दोहोंच्या मध्ये चाळीस वर्षे आहेत, आणि त्या चाळीस वर्षांत हा माणूस शहाणा किती झाला आणि एकटा किती झाला, याचा विचार पायऱ्या उतरताना ज्याने त्याने करावा.